अण्णांचा ध्रुवीय प्रकाश

अमेरिकेतल्या एल्मर्टन गावात अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, दिसू नये असं मनापासून वाटणारं एकच माणूस होतं, आणि तो कधी दिसणार हे गावाला सांगायचा पगारही तेच माणूस घेत होतं. नीरजा साळवी. आता याला काय म्हणावं?

रोज संध्याकाळी ती ऑफिसातून आली, दारात बूट काढले, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा.

"काय गो, आज किती?"

"दोन टक्के, अण्णा."

"बरं. उद्या बघू." मग अण्णा तिच्यासाठी चहा गाळायचे आणि स्वतःचा बशीत ओतून घ्यायचे. निराशा अशी नसायचीच त्यांच्या आवाजात. नीरजाला मात्र दर वेळी हायसं वाटायचं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटायची.

अण्णा म्हणजे सदानंद साळवी सर. लांज्याच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. तालुक्यातल्या निम्म्या लोकांना कर्कवृत्त कुठून जातं हे माहीत आहे ते त्यांच्यामुळे, आणि उरलेल्या निम्म्यांना छडी कुठे लागते ते माहीत आहे. नववीच्या पुस्तकात ध्रुवीय प्रकाशावर अर्धं पान होतं. ते अर्धं पान सर दोन-दोन तास शिकवायचे. हात वर करून, पडदा हलतो तसे हलवून दाखवायचे. स्वतः कधी पाहिला नव्हता. आणि ही गोष्ट त्यांना सलायची. "जे आपण बघितलं नाही ते पोरांना शपथेवर सांगत आलो," असं ते निवृत्तीच्या भाषणातसुद्धा म्हणाले होते.

आई गेल्यावर ते लांज्यात एकटेच राहत होते. गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात मागल्या दारी कपडे धुवायच्या दगडाजवळ शेवाळावर पाय घसरला आणि कंबरेवर पडले. सकाळी पडले ते दुपारपर्यंत तिथेच, पावसात. शेजारच्या नसीमाभाभींनी हाक मारली, ओ आली नाही, तेव्हा त्या कुंपण ओलांडून आल्या. हाड मोडलं नव्हतं एवढंच नशीब. इकडे नीरजाला हे कळलं आणि त्या दिवसापासून तिच्या मनातून तो दगड हलेना. ऑफिसात समोर सूर्याचं चित्र असायचं आणि तिला दिसायचा दगड.

"इकडे या," ती रोज फोनवर सांगायची. अण्णा हसून टाळायचे. शेवटी तिने हुकमी पान काढलं.

"अण्णा, आमच्या गावातून ध्रुवीय प्रकाश दिसतो."

पलीकडे चाललेलं नाट्यगीत बंद झालं. मग सर म्हणाले, "एल्मर्टन बेचाळीस अंशांवर आहे. तिथून कसा दिसेल?"

"हल्ली दिसतो. या तर खरे."

आले. पण येताना एष्टी स्टँडवर निरोपाला जमलेल्या माजी विद्यार्थ्यांसमोर जाहीर करून आले, की ध्रुवीय प्रकाश पाहिल्याशिवाय परत लांज्यात पाय ठेवणार नाही, आणि पाहिला की आठवड्यापेक्षा एक दिवस जास्त तिकडे राहणार नाही. शब्द म्हणजे शब्द. झालं! नीरजाच्या हातात दोरी आली, पण ती अशी विचित्र. अरोरा दिसला नाही तोवर अण्णा सुरक्षित. दिसला की पुन्हा तो दगड.

आता हे "हल्ली दिसतो" काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं.

सूर्यावरून अधूनमधून विद्युतभारित कणांचा प्रचंड लोट सुटतो. एक-दोन दिवसांत तो पृथ्वीपर्यंत येतो. प्रत्येक लोट काही अरोरा घेऊन येत नाही, कारण त्याच्यासोबत त्याचं स्वतःचं चुंबकत्व असतं. त्याची दिशा उत्तरेकडे असली, तर पृथ्वीचं चुंबकत्व त्याला उंबऱ्याबाहेरच थोपवतं. दक्षिणेकडे असली, तर दोन लोहचुंबकांची उलटी टोकं जुळावीत तशी ती जुळतात आणि दार उघडतं. मग ते कण ध्रुवांकडे धावतात, हवेवर आदळतात आणि हवा उजळते. वादळ दांडगं असेल तर उजेडाचं हे कडं ध्रुवापासून बरंच खाली सरकतं. तरी एल्मर्टनसारख्या मधल्या अक्षांशांवरच्या गावाला त्याचा फक्त वरचा भाग दिसतो. कुंपणापलीकडच्या माडांचे शेंडेच तेवढे दिसावेत, तसं. आणि तो वरचा भाग, दोनतीनशे किलोमीटर उंचीवरचा, बहुधा लाल असतो.

पूर्वी अडचण एकच होती. लोटाची दिशा कळायची ती तो पृथ्वीच्या तोंडाशी आल्यावर, जेमतेम तासभर आधी. तेवढ्यात माणूस स्वेटर शोधतो. पण गेल्या काही वर्षांत सूर्य आणि पृथ्वीच्या दरम्यान छोट्या उपग्रहांची एक माळच सोडली गेली. लोट निम्म्या वाटेवर येण्याआधीच हे उपग्रह त्याची दिशा मोजायचे. ते आकडे, ढग, चंद्र, गावातले दिवे, समोरच्या टेकड्या हे सगळं एका यंत्राला घातलं, की ते गावागणिक शक्यता सांगायचं. एक दिवस आधी. आणि सहसा चुकायचं नाही.

गंमत अशी झाली, की गावाची रीतच बदलली. बेकरीच्या पाटीवर पावाच्या भावाखाली टक्के लिहू लागले. साठच्या आसपास आकडा गेला की सगळं गाव घोंगड्या आणि थर्मास घेऊन शाळेच्या मैदानावर. ऐंशीच्या वर गेला तर वेगळाच नियम. एवढ्या मोठ्या वादळात जमिनीतून भलते प्रवाह विजेच्या तारांत शिरतात आणि ट्रान्सफॉर्मर जाळतात. म्हणून वीज कंपनी आधीच सगळं गाव काही तास बंद करायची. तो अंधार सुरू करायचा इशारा नीरजाच्या ऑफिसातून जायचा.

तर ऑक्टोबरात एकदा अठ्ठावन्न टक्के आले होते. त्या संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "काय गो, आज किती?" आणि नीरजाच्या तोंडून निघून गेलं, "अकरा."

तिने ठरवलं नव्हतं. निघून गेलं. अण्णा "बरं" म्हणाले आणि त्यांच्या खोलीत नाट्यगीतं ऐकत बसले. नीरजाने उत्तरेकडचा पडदा ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी गावभर लाल फोटो फिरत होते. "कॅमेऱ्यातच दिसला म्हणे," ती म्हणाली. अण्णांनी मान डोलावली. "कॅमेऱ्यातला फोटो काय, लांज्यातही दिसतो."

नवरा परागने तिच्याकडे बघत हातातला फोन उलटा ठेवला.

नोव्हेंबरातला तो शुक्रवार. दुपारी उपग्रहांचे आकडे यायला लागले आणि शेजारच्या टेबलावरची रूथ उठून उभीच राहिली. तिच्या तीस वर्षांच्या नोकरीत एवढा लोट तिने पाहिला नव्हता. आणि दिशा? सरळ दक्षिण. आकाश निरभ्र. चंद्र नाही. यंत्राने शनिवार संध्याकाळचा आकडा दिला, चौऱ्याण्णव.

इशारा नीरजानेच पाठवला. त्यात ती कुचराई करणारी नव्हती. कामाशी तिने कधी लबाडी केली नाही. गाडीत बसली मात्र, आणि पुन्हा तो दगड समोर आला. चौऱ्याण्णव. म्हणजे उद्या अण्णा बघणार, परवा बॅग भरणार.

घरी येईपर्यंत तिने तोड काढली होती. चार तासांच्या अंतरावर, दक्षिणेच्या मोठ्या शहरात, महाराष्ट्र मंडळाचं नाटक होतं. सभागृहाला स्वतःचा जनरेटर. पडदा चारला वर, आणि नंतर जेवण, गप्पा, सगळं बंद दाराआड. अण्णा नाटकवेडे. "इकडे ध्रुवीय प्रकाश यायचा आणि मी तिकडे," म्हणून त्यांनीच नाही म्हटलं होतं.

"काय गो, आज किती?"

"आज काहीच नाही. आणि उद्याही आठच टक्के," ती म्हणाली. "खुशाल नाटकाला जाऊ या."

"आठच ना? मग जाऊ या की!" अण्णांचा चेहरा असा खुलला, की नीरजाला भांडी घासायच्या निमित्ताने पाठ फिरवावी लागली.

पराग ओट्याशी आला. हातातला फोन त्याने तिच्यासमोर धरला. त्यावर मोठ्या अक्षरात चौऱ्याण्णव होते.

"हे काय चाललंय?"

"हळू बोल."

"मी गाडी चालवीन, नीरजा. पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, आधीच सांगतो."

"ते तुला नाही विचारणार," ती म्हणाली. "ते मलाच विचारतात."

हे बोलताना तिला स्वतःचाच राग आला. पण नळ सोडून ती भांडी घासत राहिली.

शनिवारी दहाला निघायचं होतं. अण्णा नऊपासूनच तयार. दाढी गुळगुळीत, कोटाला इस्त्री, खिशात रुमालाची घडी. नीरजा डबे गाडीत ठेवत होती, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. लांज्याचा मंगेश गुरव. मोबाइलच्या दुकानाचा मालक असला तरी सरांसाठी अजून मंग्याच. अण्णांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर.

"सर! आज तुमच्याकडे लय मोठा येतोय म्हणे! इकडे बातम्यांत दाखवतायत. अमेरिकेच्या मध्यापर्यंत दिसणार!"

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात, सर. नव्वदच्या वर आहे."

नीरजाचा हात डब्यावर तसाच राहिला. अण्णांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोठ्याने हसले.

"मंग्या, तू नववीतही ऐकीव गोष्टी पेपरात लिहायचास. अरे, बातम्यावाल्यांना काय कळतंय? आठ टक्के आहेत. आमची नीरू स्वतः मोजते. तिचा आकडा म्हणजे आकडा. तिने सांगितलं ना, मग विषय संपला. ठेव फोन, नाटकाला निघालोय."

फोन खिशात टाकून ते गाडीचं दार उघडायला लागले.

नीरजाने डबा खाली ठेवला. "अण्णा, थांबा."

"काय राहिलं?"

"मंगेश म्हणतो ते खरं आहे. चौऱ्याण्णव आहेत."

अण्णांना पहिल्यांदा कळेचना. "कालचे आठ, रात्रीत वाढले?"

"नाही. कालही चौऱ्याण्णवच होते. मी खोटं सांगितलं." आणि एकदा बांध फुटला म्हटल्यावर तिने उरलेलंही सांगून टाकलं. "ऑक्टोबरातही सांगितलं. अकरा नव्हते, अठ्ठावन्न होते. तुम्ही पाहिलंत तर निघून जाल म्हणून."

पराग गाडीच्या पलीकडे उभा होता, तो तिथेच किल्ली चाळवत राहिला. अण्णांनी गाडीचं दार हळूच लावून टाकलं. रागावले असते, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आकडा खोटा सांगितलास," ते म्हणाले. "मला?"

एवढंच. कोट काढून हातावर घेतला, आत गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

दुपारी पराग ताट घेऊन गेला. "भूक नाही," आतून उत्तर आलं. तीन वाजता नीरजा गेली. "अण्णा, संध्याकाळी मैदानावर जाऊ या ना." "मला बघायचा नाही. नाही म्हणजे नाही." कोकणातला हट्ट तो! तिथे चौऱ्याण्णव टक्क्यांचाही काही इलाज नव्हता.

साडेपाचला ठरल्याप्रमाणे गावातली वीज गेली. घरातला हीटर गुरगुरत थांबला. रस्त्यावरून लोकांचे आवाज यायला लागले, कुत्री, पोरं, घोंगड्या, हसणं. नीरजा अंधारात अण्णांच्या दाराशी उभी राहिली. आत ते पडदा ओढून खुर्चीत बसले असणार, हे तिला न बघताही माहीत होतं. आणि तिच्या मनात आलं, की हवं होतं ते हेच ना? ते बघणार नाहीत. आजवर जिच्यासाठी लबाड्या केल्या ती गोष्ट आयती पदरात पडली होती. फक्त गप्प बसायचं होतं.

तिला गप्प बसवेना.

"अण्णा, ऐकताय का? नका बघू. काही हरकत नाही. पण पाहिल्याशिवाय लांज्यात पाय ठेवणार नाही, असं तुम्हीच सांगून आलाय. मग आता राहा इथेच जन्मभर. मी कायमच्या वास्तव्याचे कागद सोमवारी करून टाकते."

आत खुर्ची करकरली.

"आणि मंगेशला काय सांगायचं तेही ठरवून ठेवा. ध्रुवीय प्रकाश घरावरून गेला आणि सर आत फुगून बसले होते."

दार उघडलं. "माझी कानटोपी कुठाय?" अण्णा म्हणाले.

मैदानावर गाव लोटलं होतं, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. गवतावर दव गोठायला लागलं होतं. नीरजाने अण्णांना खुर्चीत बसवलं, घोंगडी गुंडाळली आणि उत्तरेकडे बोट दाखवलं. तिथे क्षितिजावर मळकट, राखाडी काहीतरी होतं.

"ढग आहे तो," अण्णा म्हणाले. आवाजात अजून घुस्सा होता.

"ढग नाही. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. फोनकडे बघू नका. तुमच्या वयाला जरा जास्त वेळ लागतो."

"माझ्या वयाचं मला सांगू नकोस."

बसले. पराग थर्मासमधला चहा ओतत होता. आणि मग त्या राखाडीत एक उभी रेघ निघाली. शेजारी दुसरी. त्या हळूहळू वर चढू लागल्या, सरकू लागल्या, आणि कुणीतरी पोर ओरडलं. राखाडी म्हणता म्हणता ती लाल झाली. कॅमेऱ्यातली नव्हे, साध्या डोळ्यांना दिसणारी, जास्वंदीसारखी दाट लाल. अर्धं आकाश तिने व्यापलं. खाली क्षितिजाला हिरव्याची बारीक किनार, आणि त्या लालातून तारे आरपार दिसत होते.

अण्णा खुर्चीतून उठले. घोंगडी पायात पडली. त्यांनी दोन्ही हात वर केले, वर्गात करायचे तसे, पण हलवायचे विसरले.

"तारे दिसतात गो त्याच्यातून," ते म्हणाले. "हे पुस्तकात नव्हतं. हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही."

मग एकदम खिसे चाचपायला लागले. फोन काढला. लांज्यात पहाट होती. मंगेश झोपेतच बोलला.

"मंग्या! तू वहीत ध्रुवीय प्रकाश लाल रंगवला होतास. आठवतं? आणि मी फुली मारली होती. हिरवाच असतो म्हणून."

"असेल, सर..."

"बरोबर होता रे तुझा. माझी फुली चूक." मोकळ्या हाताने त्यांनी हवेतली फुली खोडली. "एक मार्क देणं लागतो तुझं. सगळ्यांना सांग. लाल असतो म्हणावं."

फोन ठेवून त्यांनी बाही डोळ्यांना लावली. नीरजाही रडत होती. तिला स्वतःलाच कळत नव्हतं, आनंदाने की कशाने.

बऱ्याच वेळाने, लाली जरा ओसरल्यावर, अण्णा खुर्चीत टेकले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "राहा म्हणाली असतीस, तर?"

"राहिला असतात?"

"नाही. पण भांडलो असतो. बाप-लेक भांडतात त्यात काय? तू मला भांडूही दिलं नाहीस. आठ टक्के देऊन नाटकाला धाडत होतीस, लहान पोराला जत्रेला पाठवावं तसं."

"चुकलं, अण्णा."

"चुकलंच." कानटोपी खाली ओढत ते म्हणाले, "आता एक आकडा खरा सांग. मी लांज्यात पुन्हा पडायची शक्यता किती?"

"अण्णा, असं नका विचारू."

"तू मोजलेला असणार. मी ओळखतो तुला."

मोजलेला होता. पुन्हा पुन्हा मोजलेला होता. "एकदा पडलेल्या माणसाला, तुमच्या वयात, वर्षभरात चाळीसच्या आसपास."

"आणि इथे?"

"इथेही तेवढीच. पण इथे मी आहे!"

"तू दिवसभर हापिसात. परागही. तिथे नसीमा दिवसातून चारदा कुंपणावरून हाक मारते, दळण आणायला गेलो तर गिरणीवाला पीठ घरी पोचवतो. इथे मी पडदे लावतो आणि उघडतो." त्यांनी मैदानभर पसरलेल्या माणसांकडे मान वळवली. "चाळीस म्हणजे न पडायची साठ ना? साठ टक्क्यांवर हे सगळं गाव थंडीत येऊन बसतं, नीरू."

पायात पडलेली घोंगडी उचलून नीरजाने त्यांच्याभोवती गुंडाळली. आणि बोलली ते, जे इतक्या महिन्यांत तिने एकदाही सरळ सांगितलं नव्हतं.

"मला फार भीती वाटते हो, अण्णा. जाऊ नका ना."

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात गार पडला होता.

"मलाही वाटते," ते म्हणाले. "त्या दगडापाशी पडलो होतो ना, तेव्हा पावसात एकच विचार होता. हे नीरूला कोण सांगेल, आणि कसं सांगेल. मरणाचं काही वाटलं नाही, त्याचंच वाटत होतं. पण भीतीपोटी घर सोडलं, तर मी साळवी सर उरत नाही. मग मी नुसता तुझ्याकडचा म्हातारा."

पराग घोंगड्यांच्या घड्या घालत होता. लोक उठायला लागले होते. वीज यायला अजून वेळ होता आणि मैदानाची जमीन उंचसखल, दवाने निसरडी.

"चल," अण्णा म्हणाले. "धर मला. इथेच पडलो तर तुला निमित्तच मिळेल."

नीरजा हसली, नाक पुसलं, आणि त्यांचा हात धरला. तो तिने पुढच्या शनिवारी विमानतळावर, आत जायच्या दारापाशी सोडला.